चेहरा योजना

अक्का सकाळी उठायची तीच रागावलेली. आधी राग, मग चूळ, मग चहा, असा क्रम ठरलेला होता. त्या सोमवारी मात्र चहापर्यंत मजल गेलीच नाही. फोनवर एकशे त्र्याऐंशी निरोप येऊन पडले होते, आणि सगळ्यांचं म्हणणं फिरून फिरून एकच होतं: पैसे आम्ही दिले आणि तुम्ही आम्हालाच वाईट दाखवलंत.

अक्का बारा मिनिटांचा एक सिनेमा काढत होती. काढत होती म्हणजे खरोखरच काढत होती, पेन्सिलीने, कागदावर, एका सेकंदाला बारा चित्रं या हिशोबाने. हेच काम संगणक दुपारच्या जेवणाआधी उरकून देतो, असं तिला आजवर निदान चाळीस जणांनी सांगितलं होतं, आणि त्या चाळीसही जणांशी तिचं बोलणं बंद होतं. त्याआधी एकोणतीस वर्षं तिने एका स्टुडिओत दुसऱ्यांच्या सशांची आणि मांजरांची अधलीमधली चित्रं काढली. म्हणजे साहेबांनी ससा जमिनीवर काढायचा, मग ससा हवेत काढायचा, आणि तो जमिनीवरून हवेत कसा गेला हे अक्काने निस्तरायचं. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकाने आठवण म्हणून तिला तिचं टेबल देऊन टाकलं. खालून दिवा लागणारी काच आणि कागद हलू नयेत म्हणून अडकवायला तीन खुंट्या, असं ते टेबल. टेम्पोचं भाडं मात्र तिनेच दिलं. आता ते एका बंद पडलेल्या शिवणवर्गाच्या खोलीत होतं. भिंतीवर अजून कॉलरचे आणि बाह्यांचे कागदी नमुने चिकटलेले होते, आणि 'कात्री दुसऱ्याला देऊ नये' अशी पाटी होती. पाटी अक्काला पटली म्हणून तिने ती ठेवली.

सिनेमा तिच्या बाबांचा होता. बाबा छत्र्या दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून बाबांनी आयुष्यभर धंदा बसूनच केला. एका दुपारी जागेच्या मालकाची माणसं आली आणि त्यांनी ते दुकान उचलून रस्त्यावर ओतलं. छत्र्या, काड्या, मुठी, काळ्या कापडाचे तुकडे, सुयांचा डबा. बघता बघता दोनेकशे माणसं जमली. जमली आणि बघत राहिली. बाबा गुडघ्यांवर बसून एकेक वस्तू गोळा करत होते आणि गडगडत एखादी मूठ कुणाच्या पायाशी आली तर तो पाय मागे घेत होता. गर्दीची हालचाल काय ती एवढीच. अक्का तेव्हा नऊ वर्षांची होती. या गोष्टीला आता सत्तेचाळीस वर्षं झाली होती, आणि चुळीआधीचा राग तेव्हापासूनचा होता.

राग भरपूर होता, पैसे नव्हते. इथे भाऊजी आले.

भाऊजी म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. त्यांनी जन्मभर विमा विकला होता, आणि निवृत्त झाल्यावर विकायला काहीच न उरल्यामुळे ते घरात सुकत चालले होते. जिना उतरणाऱ्या शेजाऱ्यालाही ते आशेने पाहत. अक्काची अडचण कळली तशी त्यांच्या गालांवर रंग आला.

"लोकवर्गणी काढू," ते म्हणाले. "इंटरनेटवर लोक अनोळखी माणसाच्या मांजराच्या ऑपरेशनला पैसे देतात, अक्का. तुम्ही तर मांजर काढून दाखवता."

"सिनेमात मांजर नाही."

"गर्दी आहे ना?"

"आहे."

"गर्दीला चेहरे लागतात ना?"

"लागतात."

"मग ते फुकट कशाला काढताय?"

अशी 'चेहरा योजना' निघाली. थोडे पैसे दिले तर सिनेमाच्या शेवटी नाव. मध्यम दिले तर एक मूळ चित्र, घरपोच. आणि घसघशीत दिले तर सिनेमाच्या गर्दीत तुमचा चेहरा. जाहिरातीत भाऊजींनी लिहिलं, 'आपल्या पश्चातही आपला चेहरा हसतमुख राहील.' जुनी सवय. अक्काने 'हसतमुख' काढायला लावलं. ते 'बरं' म्हणाले आणि एका जागेवरून काढलं.

जाहिरातीबरोबर एक तुकडा दाखवला होता. खरं सांगायचं तर पैसे त्या तुकड्याने आणले. गर्दीतून नऊ वर्षांची एक मुलगी सुटते, दप्तर टाकते, घरंगळणाऱ्या छत्रीमागे धावते. छत्री वाऱ्याने फुगून तिलाच ओढायला लागते, मुलगी टाचा रोवते, छत्री मिटवते, छातीशी धरते आणि बापाला नेऊन देते. नऊ सेकंदांहून थोडं जास्त. एकशे बारा चित्रं. अक्काने ती दोन महिने खोडून खोडून काढली होती, आणि तिच्या हातून तोवर झालेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं. मुलीची वेणी पाठीवर आपटायची ती प्रत्येक वेळी अर्ध्या पावलाने उशिरा आपटायची. ते पाहून भलेभले रडले आणि रडता रडता त्यांनी पैसे पाठवले. दोनशे चौदा चेहरे विकले गेले.

मग फोटो आले. साठीच्या लोकांनी स्वतःचे तिशीतले फोटो पाठवले. एकाने अर्जावरचा फोटो पाठवला, गालावर शिक्क्यासकट. एका जोडप्याने एकत्र फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'कृपया आम्हाला लांब लांब उभं करावं.' एका दंतवैद्याने चौदा कोनांतून फोटो पाठवले आणि दात दिसावेत अशी विनंती केली. अक्काने प्रत्येकाचा चेहरा तासून तासून काढला. शिव्या घालत काढला, पण काढला. दोन महिन्यांनी गर्दी तयार झाली, तिची कच्ची फिल्म भाऊजींनी रविवारी संध्याकाळी सगळ्या वर्गणीदारांना दाखवली, आणि सोमवारी सकाळी एकशे त्र्याऐंशी निरोप आले.

कारण आता कुठे लोकांना कळलं, की त्यांनी ज्या गर्दीत जागा घेतली होती ती गर्दी काय करते. ती काहीच करत नाही.

"यांना वाटलं काय होतं?" अक्काने विचारलं. भाऊजी दारातच उभे होते. आत यावं की नाही याचा ते अंदाज घेत होते. "मी टाळ्या वाजवायला गर्दी जमवली होती?"

"मी गर्दी एवढंच सांगितलं होतं," भाऊजी म्हणाले. "तपशील शेवटच्या पानावर होता."

"अक्षर केवढं होतं?"

भाऊजी आत आले आणि स्टुलावर बसले. "अक्का, महिनाअखेरपर्यंत त्यांना पैसे परत मागता येतात. निम्म्यांनी मागितले तर कॅमेरावाला गेला, संगीतवाला गेला, सिनेमा आडवा. त्यांचं म्हणणं फार नाहीये. थोडं वाकायचंय त्यांना."

"म्हणजे?"

"खाली वाकून एखादी छत्री उचलायची. प्रत्येकाने नाही, पण त्या दाताच्या डॉक्टरांनी नक्की."

अक्काने पेन्सिल टेबलावर ठेवली. ती ठेवली की समोरच्याने सावध व्हायचं असतं हे धाकटीला ठाऊक होतं. धाकटी कोपऱ्यात बसून चित्रांच्या मागे नंबर घालायची. तीस वर्षं नर्स म्हणून काढल्यामुळे तिचं अक्षर स्वच्छ होतं आणि चेहऱ्यावर काही दिसत नसे.

"भाऊजी, तुम्हाला हिशोब कळतो ना? मग ऐका. बघत उभ्या राहणाऱ्या माणसाला एक चित्र लागतं. एक. ते कॅमेऱ्याखाली ठेवलं की तो पाहिजे तेवढा वेळ बघत राहतो, खर्च काही नाही. वाकायचं, उचलायचं, सरळ व्हायचं, या सगळ्याला चार सेकंद. चार सेकंदांची अठ्ठेचाळीस चित्रं. एका माणसाची. दोनशे चौदा माणसांची किती झाली?"

"दहा हजार दोनशे बहात्तर," भाऊजी पटकन म्हणाले. जन्मभराचा सराव.

"मी दिवसाला पंचवीस काढते. म्हणजे सुट्ट्या धरून सव्वा वर्ष. यांना चांगलं दिसायचंय म्हणून."

"एकट्या डॉक्टरांची अठ्ठेचाळीसच होतात," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "त्याचे वेगळे द्यायला ते तयार आहेत."

"सत्तेचाळीस वर्षांपूर्वी एकानेही काडी उचलली नाही. आता उचलायला एजंट पाठवतायत." अक्काचा आवाज शांत होता, आणि ते वाईट लक्षण होतं. "बोलवा त्यांना. इथे येऊन मला तोंडावर सांगू दे."

"कुणाला?"

"ज्यांना वाकायचंय त्यांना."

गुरुवारी दुपारी पाच जण आले. शिवणवर्गाची स्टुलं बुटकी होती, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे छातीशी आले आणि तक्रारीला जो रुबाब लागतो तो बसताक्षणी गेला. दंतवैद्य पुढे होते. त्यांच्या मागे प्रवासी कंपनीवाले एक गृहस्थ आणि त्यांची बायको. हे लांब लांब उभं करण्याची विनंती करणारं जोडपं. एक तरुण वकील. आणि शेवटी, थोड्या मागून आलेल्या, एक निवृत्त मुख्याध्यापिका, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. आल्या तशा भिंतीवरची कात्रीची पाटी वाचत बसल्या.

"मॅडम, आम्ही कलेचे विरोधक नाही," दंतवैद्य म्हणाले. ही सुरुवात झाली की पुढे काय येणार हे अक्काला ठाऊक होतं. "पण मी पेशंटला अभिमानाने सांगितलंय, माझ्यावर सिनेमा येतोय. आता ते बघणार काय? एक माणूस गुडघ्यावर आलाय आणि मी दात दाखवत उभा आहे."

"दात दाखवा असं तुम्हीच कळवलं होतंत."

"प्रसंग माहीत नव्हता."

"तिथल्या लोकांनाही माहीत नव्हता. ते दुसऱ्याच कुठल्या कामाला निघाले होते. दात तेवढे होते."

प्रवासी कंपनीवाले खाकरले. "माझं म्हणणं साधं आहे. मी तिथे असतो तर मी मदत केली असती. माझा स्वभावच तसा आहे. विचारा हिला."

बायकोने खिडकीबाहेर पाहिलं.

"म्हणजे हे चित्र खोटं झालं," वकील म्हणाला. "माझे पक्षकार... म्हणजे आम्ही सगळे, तिथे असतो तर असे वागलो नसतो. तुम्ही आमचा चेहरा घेऊन आमच्या स्वभावाच्या विरुद्ध वापरलाय."

"तुम्ही येताना कोपऱ्यावरनं आलात ना?" अक्काने विचारलं. "वाण्याच्या दुकानापुढे एक पोरगा सायकलवरनं पडलाय. बटाटे सांडलेत सगळे. मी खिडकीतून पाहिलं."

"हो, आम्ही पाहिला," प्रवासी कंपनीवाले म्हणाले.

"मग?"

"इथे वेळेवर पोचायचं होतं."

अक्काने एकेकाकडे पाहिलं, आणि क्षणभर तिला फार बरं वाटलं. राग खरा ठरला की माणसाला एक प्रकारचा आराम मिळतो. वकील बूट पाहत होता. भाऊजी छताकडे पाहत मनातल्या मनात कितीजण पैसे परत मागतील ते मोजत होते. आता अक्काने 'या तुम्ही' म्हटलं असतं तर निदान तो दिवस तरी तिचा झाला असता.

"मी उचलले," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"बटाटे. म्हणून मला पाच मिनिटं उशीर झाला. त्याचं कौतुक नको, माझं त्या वाण्याकडे उधारीचं काम होतं, त्या निमित्ताने वाकले." त्यांनी पर्स मांडीवरून खाली ठेवली. "माझी तक्रार वेगळी आहे. मला गर्दीत उभं केलंत त्याबद्दल काही नाही. अशी गर्दी असते. मी त्यात बऱ्याचदा उभी राहिले आहे. माझी तक्रार त्या मुलीबद्दल आहे."

"कोणत्या?"

"धावते ती. छान काढलीय. वेणी तर फारच छान. पण मुलं अशी धावत नाहीत."

"म्हणजे?" अक्काची मान ताठ झाली. वेणी छान म्हणून वर पायांना नावं ठेवणारं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं.

"चित्रातलं मला काही कळत नाही. मुलांचं कळतं. छत्तीस वर्षं शाळेच्या फाटकात उभी राहायचे. बाप मळक्या कपड्यांत आला, हातगाडी घेऊन आला, बाप पडला, बापाला कुणी बोललं, हे सगळं पाहिलंय. आणि मुलं पाहिलीत. नऊ वर्षांची मुलगी, दप्तर पाठीवर, म्हणजे शाळा सुटलीय, म्हणजे बरोबर मैत्रिणी असणार. मैत्रिणींसमोर बापाची अशी फजिती होत असताना ती मुलगी पुढे येत नाही. ती बुटांकडे बघते. पुढे आलेली मी एकही पाहिली नाही." त्यांनी पर्स पुन्हा मांडीवर घेतली. "तुम्ही आम्हाला होतो तसं काढलंत. मग तिलाही तसंच काढायला हवं होतं. नाहीतर आम्ही दोनशे चौदा माणसं वाईट, आणि गर्दीत चांगली काय ती तुमच्या घरची एकटी, असं होतं."

अक्काने दाराकडे बोट केलं.

"या तुम्ही," अक्का म्हणाली.

"मी रागाने नाही..."

"या. सगळेच या. बाहेर." ती उठली तेव्हा तिचं स्टूल मागे आडवं झालं. "पैसे दिले म्हणून माझ्या बापाच्या दुकानापुढे उभं राहून मला शिकवायचं काही कारण नाही. माझी मुलगी धावते. मी काढलीय, मला ठाऊक, ती कशी धावते ते."

पाच जण निघाले. बुटक्या स्टुलांवरून उठायला वेळ लागला, त्यामुळे हाकलण्यातला जोर बराचसा वाया गेला. भाऊजी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेले. 'त्या मनाने फार चांगल्या आहेत' असं ते पाचही जणांना पाच वेळा सांगत असलेले ऐकू आले.

अक्का टेबलाशी आली. दिवा चालूच होता. काचेवर एकशे चार नंबरचं चित्र होतं: मुलगी, छत्री छातीशी. तिने एक रेघ नीट करायला पेन्सिल टेकवली आणि टोक मोडलं. दुसरी पेन्सिल घेतली, तिचंही मोडलं.

"त्या बाई काय चुकीचं बोलल्या?" धाकटीने मान वर न करता विचारलं.

"तू गप्प बस."

"बसते. शहाऐंशी नंबर दोनदा पडलाय, तेवढा बघ."

धाकटीने आणखी दोन चित्रांवर नंबर घातले. मग ती म्हणाली, "त्या दिवशी तू घरी आलीस. पाय धुतलेस आणि पाढे लिहायला बसलीस. आईने विचारलं, वाटेत बाबा दिसले का गं? तू म्हणालीस, मी मागच्या रस्त्याने आले."

"तू सहा वर्षांची होतीस. तुला काय आठवतंय."

"मागचा रस्ता तेव्हा खणून ठेवला होता, अक्का. नळाचं काम चाललं होतं. महिनाभर तिथून कुत्रंसुद्धा येत नव्हतं. आईलाही ते ठाऊक होतं."

अक्काने टेबलाचा दिवा बंद केला. उगीचच. मग परत लावला.

"सत्तेचाळीस वर्षांत बोलली नाहीस."

"विषय निघाला नाही."

"आणि ही एकशे बारा चित्रं? तूच नंबर घातलेस त्यांच्यावर. तेव्हा तोंडाला काय झालं होतं?"

"मला वाटलं, तुला धावायचं होतं म्हणून काढतेयस. काढू दे म्हटलं, कुणाचं काय जातंय. सिनेमाच तर आहे." धाकटीने पेनाला टोपण लावलं. "पण मग त्या दाताच्या डॉक्टरलाही वाकू दे की. त्यालाही वाटतंच ना, आपण वाकलो असतो म्हणून."

आजवर अक्का पुष्कळांवर रागावली होती. मालकावर, गर्दीवर, साहेबांवर, सशांवर, संगणकवाल्यांवर, भाऊजींवर तर रोजच. त्या सगळ्या रागांना जायला जागा होती. आत्ता जो वर आला त्याला दारच सापडेना. ती कपाटाकडे गेली, परत आली. स्टूल उभं केलं, पुन्हा लाथेने पाडलं. धाकटी बघत होती. तिने वॉर्डात याहून वाईट पाहिलं होतं.

"मी हसले," अक्का म्हणाली.

"काय?"

"एक छत्री आपोआप उघडली. रस्त्याच्या मधोमध, फट्दिशी. दोन मैत्रिणी होत्या बरोबर, त्या हसल्या. म्हणून मीही हसले. हसण्याचा आवाज आला म्हणून बाबांनी वर पाहिलं." तिने पाडलेलं स्टूल पुन्हा उभं केलं. "नुसती उभी राहिले असते तर एक वेळ चाललं असतं."

धाकटी उठून जवळ आली नाही. तिला आपली बहीण ठाऊक होती. तिने एकशे बारा चित्रांचा गठ्ठा तेवढा उचलून टेबलाच्या कडेला आणून ठेवला आणि घरी गेली.

शुक्रवारी सकाळी भाऊजी आले ते तोंडभर हसत. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी साठ-सत्तर फोन केले होते आणि चाळीस वर्षांत केला नसेल असा सौदा करून आले होते.

"मिटलं, अक्का. कुणी वाकायचं नाही. तुमची गर्दी तशीच राहील, उभी. फक्त डोळ्यांत पाणी दाखवायचं. त्याला जास्त चित्रं लागत नाहीत असं डॉक्टरांनी स्वतः चौकशी करून सांगितलंय. सगळे तयार आहेत. वकीलसुद्धा. मदत नाही केली, पण वाईट वाटलं, एवढं लोकांना कळलं की झालं."

"बसा," अक्का म्हणाली.

भाऊजी बसले, आणि बसल्यावर त्यांना कचऱ्याचा डबा दिसला. त्यात एकशे बारा कागद उभे कोंबलेले होते. फाडलेले नव्हते, चांगला कागद फाडणं तिच्याच्याने झालं नसावं. वरच्या कागदावर वेणी दिसत होती.

"ही..." भाऊजींचा हात आपोआप डब्याकडे गेला. "अक्का, ही ती मुलगी आहे. हिच्यावर तर पैसे आले. माझ्यासमोर लोक रडलेत हिच्यासाठी."

"म्हणूनच. हात काढा तिथून आणि निरोप लिहा. सगळ्यांना."

भाऊजींनी फोन काढला.

"लिहा. पाणी दाखवणार नाही. पुढे लिहा. जाहिरातीत धावणारी मुलगी दाखवली होती, ती सिनेमात धावणार नाही. ती मी आहे आणि मी धावले नव्हते. ती तुमच्यात उभी राहील, पहिल्या रांगेत, दोन मैत्रिणींच्या मधे, आणि हसेल. खोटं दाखवून तुमच्याकडून पैसे घेतले, तेव्हा परत मागायचा तुम्हाला हक्क आहे. ज्यांना हवेत त्यांनी घ्यावेत. त्यांचा चेहरा पुसला जाईल."

"थोडं मऊ करू?"

"नको."

"'हक्क आहे' हे तरी काढू. हक्क आहे म्हटलं की घेतात लोक."

"भाऊजी, आजपर्यंत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंत. आज पहिल्या ओळीत लिहा."

भाऊजींनी लिहिलं. पाठवायचं बटण दाबताना डोळे मिटले. मिनिटभर काही झालं नाही, मग फोन गुरगुरला. पुन्हा गुरगुरला. ते वाचू लागले, तशी अक्काने तो त्यांच्या हातातून काढून घेतला, पालथा केला आणि खिडकीत ठेवला. तिथे तो काचेवर टिचक्या मारल्यासारखा वाजत राहिला.

"किती जातील?" तिने विचारलं.

"निम्म्याहून जास्त." भाऊजी डब्याकडे पाहत होते. "कॅमेरावाला तर गेलाच समजा. डॉक्टर सगळ्यात आधी जाणार. त्या शाळेच्या बाई राहतील, पण त्यांचे एकट्यांचे किती?"

"मग संगीत नको. कॅमेरा मी चालवेन. उभ्या माणसांना एक चित्र पुरतं, सांगितलं ना. उरलेले पैसे एकाच ठिकाणी लागणारेत. या इकडे."

तिने एक बुटकं स्टूल खोलीच्या मधोमध आणून ठेवलं, मग तेही काढून टाकलं. "गुडघ्यावर बसा."

"मी?"

"तुम्हीच. मान कशी फिरते ते पाहिल्याशिवाय मला काढता येत नाही, आणि इथे दुसरं कोणी नाही. तुम्ही बाबा. समोर छत्र्या पडल्यात. हसण्याचा आवाज आला, वर बघा."

भाऊजी गुडघ्यांवर बसले. गुडघे वाजले. त्यांनी वर पाहिलं.

"एवढं पटकन नाही. आवाज ओळखीचा आहे. कुठून आला, शोधा. हां. आता मी दिसले."

अक्का भिंतीला टेकून उभी होती, हातात सेकंद मोजायचं घड्याळ. भाऊजी तिच्याकडे पाहत होते. नको इतकं पाहत होते.

"आता नाही दिसले," ती म्हणाली.

"कळलं नाही."

"त्यांनी मला पाहिलं. मी त्यांचीच मुलगी आहे हे मैत्रिणींना कळू नये म्हणून त्यांनी मान फिरवली. जशी काही दुसऱ्याच कुणाची पोर दिसली. आणि काड्या गोळा करायला लागले. घरी आले तेव्हा मला म्हणाले, आज शाळेत काय शिकवलं."

खिडकीत फोन वाजत होता. भाऊजींनी मान फिरवली.

"ही लाजल्यासारखी झाली. त्यांना लाज नव्हती वाटत. पुन्हा."

त्यांनी पुन्हा फिरवली.

"ही विमा नको म्हटल्यावर फिरवतात तशी. पुन्हा."

चौथ्या वेळी भाऊजी मधेच थांबले. तळवे जमिनीला टेकून दम खात म्हणाले, "अक्का, एक विचारू? नीट करायचं म्हणून विचारतो. मी तिच्यावर रागावलोय का?"

"नाही."

"थोडासासुद्धा?"

"नाही ना. रागावले असते तर मी सत्तेचाळीस वर्षं दुसऱ्यांवर कशाला रागावले असते?" तिने घड्याळाचा काटा शून्यावर आणला. "वर बघा. ओळखलंत. आता फिरवा, सावकाश."